प्रार्थनेची घंटा आणि आईची सही

शाळेची घंटा झाली की आपली निम्मी सकाळ हलकी होते, खरे ना? डबा भरला, रिबिनी बांधल्या, दप्तरात गृहपाठाची वही गेली की नाही ते दोनदा पाहिले, आणि मूल एकदाचे फाटकाच्या आत गेले. आपण परत फिरून चहाचे आधण ठेवतो. पण आत गेल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटे तिथे काय चालते, हे आपल्यापैकी किती जणी विचारतात? रांगा लागतात. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका वाचली जाते, २०२३ पासून राज्यगीतही आले आहे. आणि मग माइकवरून हुकूम सुटतो, "हात जोडा, डोळे मिटा!" शाळेच्या भाषेत या सगळ्याला परिपाठ म्हणतात.

"अहो, प्रार्थनाच ती! त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" असे तुम्ही म्हणाल. तुमच्या-माझ्या पिढीने तर हात जोडले, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी शेजारणीला चिमटाही काढला. आपले काही बिघडले नाही. पण भगिनींनो, याच हात जोडण्यावरून आपल्या नाशिकमधल्या एका शिक्षकांना थेट मुंबईच्या हायकोर्टाची पायरी चढावी लागली होती. ती हकिगत आपल्या मुलाबाळांच्या शाळेशी जवळून निगडित आहे, म्हणून आधी तीच सांगते.

संजय साळवे हे नाशिकच्या सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालयात १९९६ पासून इंग्रजी शिकवीत होते. २००७ च्या जूनमध्ये, म्हणजे शाळा नव्याने सुरू होतात त्याच सुमारास, परिपाठात हात जोडण्यावरून त्यांचा आणि शाळेचा वाद झाला. ते देव मानणारे नव्हते. उभे राहायला त्यांची ना नव्हती. हात जोडायला ना होती. शाळेच्या दृष्टीने ही बेशिस्त ठरली. शिक्षकाला नोकरीची बारा वर्षे झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, हे ज्यांच्या घरी मास्तरकी आहे त्या सर्व जणींना ठाऊक असेल. साळवे सरांची बारा वर्षे २००८ साली भरली, आणि ती वेतनश्रेणी अडली. वेतनश्रेणी अडणे म्हणजे काय, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. दर महिन्याला थोडे थोडे कमी, आणि ते वर्षानुवर्षे.

प्रकरण हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये शाळेचे म्हणणे अमान्य केले. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे संविधानाने दिलेल्या मूलभूत हक्कांचा भंग होईल, असे त्यांनी सांगितले. हात न जोडणे ही बेशिस्त नव्हे, हा त्याचा साधा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं काय ते! दोन हात जोडले असते तर काय झिजले असते?" हा प्रश्न माझ्याही कानावर अनेकदा आला आहे, आणि विचारणारी प्रत्येक जण चांगल्या मनाचीच होती. पण नाशिकमध्ये राहून हा प्रश्न इतक्या सहज विचारता येत नाही, असे मला वाटते. पंचवटीत काळारामाच्या देवळासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे धीराने चालवला. त्या माणसांना काय हवे होते? रामापुढे जाऊन हात जोडायचे होते. दार बंद राहिले. वर्षे गेली तरी ते उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्म घेतला. ज्या घरांतल्या आजोबांना हात जोडायला मज्जाव झाला, त्या घरांतली नातवंडे आज आपल्या मुलांच्या बाकावर बसतात. त्यांना "जोडले हात तर काय झिजेल?" असे विचारण्याआधी पंचवटीतले ते दार आठवावे.

असो. साळवे सर मोठे होते, कमावते होते, कोर्टात जाऊ शकले. आपल्या सहावीतल्या सोनूचे काय? तिला कुठली आली वेतनश्रेणी! पण तिलाही अडवता येईल असे पुष्कळ असते. वर्गाची मॉनिटर, स्नेहसंमेलनातला नाच, तोंडी परीक्षेचे गुण, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधल्या सुट्टीत डब्याला बसणाऱ्या मैत्रिणींचे कोंडाळे. मुलांना कायदा ठाऊक नसतो, पण कोणाला कोंडाळ्यात घ्यायचे नाही हे बरोबर ठाऊक असते.

म्हणून आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घाबरू नका, थोडक्यात सांगते. संविधानाचा अनुच्छेद २८ खास शाळांसाठीच आहे. जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते, तिथे धर्माचे शिक्षण द्यायचेच नाही, हा त्यातला पहिला भाग. तिसरा भाग आपल्या अधिक कामाचा. शाळेला सरकारची मान्यता असेल किंवा अनुदान मिळत असेल, तर तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून भाग घ्यायला लावता येत नाही. आणि विद्यार्थी 'अज्ञान' असेल तर संमती त्याच्या पालकाची लागते. (अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याची मराठी 'अज्ञान' म्हणते. आपल्या घरातली कार्टी हे वाचतील तर भांडायला उठतील!)

हा नियम मराठी शाळेला लागू आहे, तसाच कॉन्व्हेंटलाही आहे आणि उर्दू शाळेलाही आहे. आपल्या गावात पेठे, रुंगटा, सारडा कन्या आहेत, नॅशनल उर्दू आहे, देवळालीला बार्न्स स्कूल आहे. संस्था कोणाचीही असो, मान्यता घेतली की हा नियम आला. अल्पसंख्याक समाजाला आपली शाळा काढून चालवायचा हक्क संविधानानेच दिला आहे. तिथे त्यांची प्रार्थना होणारच. पण दुसऱ्याच्या मुलाला तीत ओढायचे तर त्याच्या आईबापांना विचारावे लागेल. हेच उलट्या बाजूनेही खरे. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या एखाद्या मुस्लिम वा ख्रिस्ती मुलाला सरस्वतीपूजनाला हळदकुंकू वाहायला लावायचे असेल, तर त्याच्या घरची संमती लागते. आपण ती कधी मागतो का? "सगळेच करतात, त्यात काय!" म्हणून पुढे जातो.

पालकाची संमती म्हटल्यावर तुमच्या मनात आले असेल, "म्हणजे सही ह्यांचीच ना?" इथे एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवण्याजोगी आहे. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, तर रिझर्व्ह बँकेने ती चालणार नाही म्हटले. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली कोर्टाने 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'ते गेल्यानंतर' असा घ्यायचा नाही असे ठरवले. वडील लांब असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील, किंवा दोघांनी मिळून आईकडे ते काम सोपवले असेल, तर आईची सही पालकाची सही म्हणून चालते. आपल्या राज्याने तर १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायला सुरुवात केली आहे. तेव्हा शाळेत चिठ्ठी द्यायची वेळ आली, तर 'यजमान आले की सांगते' म्हणून बसून राहू नका. यजमानांना विश्वासात मात्र जरूर घ्या. घरातच दोन मते असली तर मुलाचे हाल होतात.

मुलांच्या बाबतीतला सर्वांत मोठा निकाल केरळातला आहे. तिथे कोट्टायम जिल्ह्यात बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही तीन भावंडे अनुक्रमे दहावीत, नववीत आणि पाचवीत शिकत होती. घरचे लोक यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. त्या पंथात देवाखेरीज कोणाचेही गुणगान गात नाहीत, म्हणून ही मुले राष्ट्रगीताला उभी राहायची, अगदी ताठ आणि आदराने, पण ओठ हलवायची नाहीत. वर्षानुवर्षे कोणाचे लक्षही गेले नाही. मग एका आमदाराच्या ते ध्यानात आले, विधानसभेत बोलणे झाले, चौकशी झाली. मुले शहाणी आणि नियम पाळणारी आहेत असेच चौकशीत निघाले. तरीही २६ जुलै १९८५ ला तिघांना शाळेतून काढले. वडील हायकोर्टात गेले, तिथे दाद लागली नाही. शेवटी ११ ऑगस्ट १९८६ रोजी सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी, मुलांना परत घ्यायला सांगितले. राष्ट्रगीत म्हटलेच पाहिजे असा कुठलाच कायदा नाही. आदराने उभे राहिले की अपमान होत नाही. आणि बोलायच्या स्वातंत्र्यात गप्प राहायचे स्वातंत्र्यही येते, असा त्या निकालाचा आशय आहे.

या प्रकरणातली पाचवीतली बिंदू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दहा-अकरा वर्षांचे पोर! सगळी शाळा गात असताना मिटल्या ओठांनी उभे राहायला काय लागत असेल? आपण मोठ्या बायका हळदीकुंकवाला गेल्यावर सगळ्या जणी उखाणा घेतात म्हणून नको असताना घेतोच की! मनात नसताना चारचौघींसारखे करणे सोपे असते, आणि वेगळे उभे राहणे अवघड. त्या पोरीने अवघड ते केले, आणि उद्धटपणा न करता केले. तिचा धर्म मला पटो न पटो, तिच्या आईने तिला उभे कसे राहावे हे नीट शिकवले होते, एवढे नक्की.

इथे एक गैरसमज काढून टाकते. शाळेत धर्माचे नावच निघू नये, असा याचा अर्थ नाही. मराठीच्या पुस्तकात ज्ञानेश्वर-तुकाराम येणारच. इतिहासात बुद्ध, पैगंबर, येशू, गुरू नानक येणारच. धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माचे शिक्षण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा अभंग पाठ करायला दिला म्हणून कोणी तावातावाने शाळेत जाऊ नये. तो पाठ आहे, पूजा नव्हे.

प्रार्थनेचे मात्र तितके सोपे नाही. कुठली प्रार्थना धार्मिक आणि कुठली नुसती सद्भावनेची? साने गुरुजींची प्रार्थना आपल्या कितीतरी शाळांतून होते. तीत प्रेम आहे, दीनदुबळ्यांची कणव आहे, जातिधर्माची भिंत कुठेच नाही. याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले होते, आणि 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली लिहिली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात. त्यांच्या प्रार्थनेला कोणी कशाला नको म्हणेल, असे आपल्याला वाटते. तरी त्या प्रार्थनेतही देव आहेच, आणि ज्या घरात देव नाही त्या घरच्या मुलाला तो शब्द अडू शकतो. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेवर जबलपूरच्या एका वकिलांनी अर्ज केला, तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. एवढ्या मोठ्या न्यायाधीशांनाही जे एका बैठकीत सोडवावेसे वाटले नाही, ते आपण 'त्यात काय' म्हणून झटकून टाकू नये.

आतापर्यंत झाले ते शाळा मुलांकडून जे करवून घेते त्याविषयी. मुले आपण होऊन जे करतात, त्याचे काय? कपाळावर गंध, मनगटावर राखी, गळ्यात क्रूस, कमरेला कस्ती, डोक्याला पटका किंवा रुमाल. हे सगळे घरून येते. नागपंचमीला मेंदी रंगवून गेलेल्या मुलींना काही इंग्रजी शाळांतून बोलणी बसल्याचे आपण ऐकतो, आणि आपला संताप होतो. "पोरीने सण केला तर ह्यांचं काय गेलं?" अगदी बरोबर. पण मग रुमाल बांधून आलेल्या मुलीबद्दल बोलताना आपले हेच वाक्य कुठे जाते? तिथे आपल्याला एकाएकी युनिफॉर्मची शिस्त आठवते!

या बाबतीत कोर्टांचे मत एक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००३ साली मुंबईत एका विद्यार्थिनीने शाळेत डोक्याला रुमाल बांधण्याची परवानगी मागितली, ती हायकोर्टाने दिली नाही. कर्नाटकात उडुपीच्या सरकारी कॉलेजातून हिजाबचा वाद उठला. १५ मार्च २०२२ ला तिथल्या हायकोर्टाने बंदी उचलून धरली. तोच वाद सुप्रीम कोर्टात गेला, तर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्यायमूर्ती हेमंत गुप्तांना बंदी योग्य वाटली. न्यायमूर्ती सुधांशू धुलियांनी मुलीचे शिक्षण पुढे ठेवले: आधीच किती अडथळे ओलांडून ती फाटकाशी आलेली असते, त्यात आपण आणखी एक घालावा का? मग २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज या सगळ्याला मनाई केली. हायकोर्टाने जूनमध्ये मुलींचा अर्ज फेटाळला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅज यांवरच्या मनाईला तात्पुरती स्थगिती दिली, वर्गात तोंड झाकणारा बुरखा मात्र नको म्हटले. आणि त्या वेळी कॉलेजला विचारले, की उद्या कोणी टिळा लावून आली तर तिलाही अडवणार का? तुम्ही-आम्ही कुंकू लावणाऱ्या बायका. हा प्रश्न आपल्यालाही विचारला आहे असे समजून घरी जरा विचार करून पाहावा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर सांगते. सुरक्षिततेच्या आड येत नसेल आणि चेहरा दिसत असेल, तर मुलीच्या डोक्यावरचा रुमाल आणि तुमच्या मुलीच्या हातावरची मेंदी यांत मला फरक दिसत नाही. काही मुलींना तो रुमाल घरून सक्तीने बांधावा लागतो, हे मला मान्य आहे. पण घरच्या सक्तीवर उपाय म्हणून शाळेचे दार बंद केले, तर ती पोर पुन्हा त्याच घरात जाऊन पडणार. शिकली तर निदान एक दिवस स्वतः ठरवील.

परदेशात काय चालते, याचेही आपल्याला कुतूहल असते, कारण आता प्रत्येक आळीतून एखादी तरी लेक-सून न्यू जर्सीला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने शाळांसाठी एक छोटी, कुठल्याच पंथाची नसलेली प्रार्थना करून दिली होती. नको असेल त्या मुलाला बाजूला राहायची मुभाही होती. तरी १९६२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती बंद केली. प्रार्थना रचून देणे हे सरकारचे काम नव्हे, आणि मुभा असली तरी मुलांवर न बोलता दडपण येतेच, असे त्यांचे म्हणणे. पण मुलाने आपली आपण प्रार्थना करायला तिथे बंदी नाही. तुमची नात डबा उघडण्याआधी हात जोडून 'वदनी कवळ' म्हणत असेल, तर तिला कोणी अडवू शकत नाही. आपला आणि त्यांचा मार्ग वेगळा. ते शाळेलाच प्रार्थनेपासून दूर ठेवतात. आपण आईबापांना विचारा म्हणतो. आपल्या मार्गात आईबापांनी तोंड उघडावे लागते, एवढाच काय तो फरक.

ज्यांच्या नावाच्या शाळेतून साळवे सरांचा वाद निघाला, त्या सावित्रीबाईंच्या घरातली एक गोष्ट या संदर्भात आठवते. जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांच्या मागे १८९१ साली निघाले. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. आईने वाटल्यास बौद्ध धर्म घ्यावा, वडिलांनी ख्रिस्ती, मुलीने इस्लाम, मुलाने सत्यधर्म; आणि सगळ्यांनी एका घरात, एकमेकांचा हेवा न करता, प्रेमाने राहावे. वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो अगदी गृहिणीचा, की त्या घरात स्वैपाक कोण करील आणि उपास कोणाचे धरायचे! पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने मुलीलाही तिचा स्वतंत्र धर्म देऊ केला, हे विसरता येत नाही. आपण अजून मुलीला लग्नाच्या रंगाची साडी निवडू देतो म्हणून स्वतःचे कौतुक करून घेतो.

मुलीच्या मताचा विषय निघालाच आहे तर सांगते, कधी कधी घोळ शाळेचा नसतो, आपलाच असतो. मुलाला शाळेतली नाताळची गाणी म्हणायची असतात, आणि आजी रुसते. किंवा आई नास्तिक, आणि मुलगी मैत्रिणींबरोबर चतुर्थी करायला निघते. मुलांच्या हक्कांचा जो जागतिक करार भारताने १९९२ साली मान्य केला, त्यात मुलाच्या स्वतःच्या धर्मविचाराचा मान राखावा असे आहे, आणि आईबापांनी त्याच्या वाढत्या समजुतीप्रमाणे त्याला वळण लावावे असेही आहे. पाचवीतल्या मुलाचे वेगळे, दहावीतल्याचे वेगळे. चतुर्थी करायची म्हणतेस? कर. मात्र क्रीडा-स्पर्धेच्या दिवशी उपाशी पोटी पळायचे नाही, एवढे म्हणायचा हक्क आईला नक्की आहे.

आता घरी काय करता येईल ते. पहिल्यांदा मुलाला विचारा, "परिपाठाला काय काय म्हणता रे?" रागाने नको, भाजी निवडता निवडता विचारा. मूल सांगेल त्यातले निम्मे खरे धरा. मग ज्यांना काही खटकत असेल, त्यांनी आधी वर्गशिक्षिकेला भेटावे. पुष्कळदा बाईंच्या ते ध्यानातच नसते, आणि "बरं, तो नुसता उभा राहू दे" म्हणून तिथल्या तिथे मिटते. मुलाला मात्र एवढे शिकवा, की नको ते म्हणायचे नाही, पण रांगेत हसायचे नाही, खिदळायचे नाही, दुसरा डोळे मिटून उभा असेल तर त्याची चेष्टा करायची नाही. प्रसाद नको असेल तर तोंड वाकडे न करता "मला नको, तू घे" म्हणायचे. आणि हव्या असलेल्या मुलाने नको म्हणणाऱ्याच्या डब्यात मोदक कोंबायचा नाही!

ज्यांना काहीच खटकत नाही, आणि आपल्यात अशाच जास्त आहेत, त्यांना दुसरे काम आहे. आपल्या मुलाच्या वर्गात कोणी हात न जोडणारे, गंध न लावणारे, रुमाल बांधणारे असेल, तर त्याच्याबद्दल घरी जेवताना काय बोलतो ते जपून बोलावे. "त्यांच्यात तसंच असतं" हे आपले वाक्य दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जसेच्या तसे त्या मुलाच्या कानावर जाते. वाढदिवसाला अर्धा वर्ग बोलवायचा असेल, तर त्या अर्ध्यात तेही मूल असू द्या.

भेटून भागले नाही, तर पत्र द्यावे. लांबलचक निबंध नको, आणि कोणाला धमकी तर मुळीच नको. इतके पुरे:

'मा. मुख्याध्यापिका यांस, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. परिपाठातील धार्मिक स्वरूपाच्या प्रार्थनेत तिने भाग घ्यावा यास पालक या नात्याने माझी संमती नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे अशी संमती आवश्यक आहे. प्रार्थनेच्या वेळी ती रांगेत शांतपणे उभी राहील. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व उद्देशिका यांत ती नेहमीप्रमाणे भाग घेईल. या कारणावरून तिला वेगळी वागणूक मिळू नये, ही विनंती. कळावे, आपली विश्वासू,' आणि खाली तुमची सही, पूर्ण नाव, तारीख.

पत्र शक्यतो जूनमध्ये, पुस्तके-वह्यांच्या गडबडीतच द्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर दिले तर सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात. पत्राच्या दोन प्रती करा. एक शाळेच्या कचेरीत द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का मारून घ्या. कारकून "ठेवा इथं, बघतो" म्हणतील. ठेवून येऊ नका, शिक्का होईपर्यंत बाकावर बसा. ती प्रत रेशनकार्ड आणि जन्माचा दाखला ठेवता त्याच पिशवीत ठेवा.